बहिणीच्या जागी बहीण

अन्नावर राग काढू नये, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. फराळाच्या ताटावरून एखादी मुलगी उठून गेली, की वडीलधारी माणसे हेच बोलतात. पण तो राग खरोखर अन्नावरच असतो काय? इटलीतील सिएना गावची एक जुनी हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

त्या गावात जाकोमो बेनिन्कासा नावाचा एक रंगारी राहत असे. त्याची पत्नी लापा हिला पंचविसाच्या घरात मुले झाली. १३४७ साली जन्मलेली कातेरिना ही त्यांतली अगदी शेवटाकडची. तिची जुळी बहीण तान्हेपणीच गेली. थोरल्या बोनाव्हेंतुराचा तिला फार लळा. धाकटीने चारचौघींसारखे नटावे, म्हणून थोरली तिच्या मागे लागे. बोनाव्हेंतुराचा नवरा वागायला धड नव्हता. तो सुधारेपर्यंत तिने अन्न वर्ज्य केले होते, असे सांगतात.

१३६२ साली बोनाव्हेंतुरा बाळंतपणात वारली. घरच्यांनी त्याच जावयाला कातेरिना द्यायचे योजले, असे चरित्रकार लिहितात. ही रीत आपल्या पणजीलाही परकी नव्हती! पंधरा वर्षांच्या त्या मुलीने केस कापून टाकले आणि जेवण तोडले. घरच्यांनी तिची खोली काढून घेतली, मोलकरणीची कामे तिच्यावर टाकली. ती बधली नाही. अखेर बापानेच हार मानली. लग्न टळले, उपास मात्र सुटला नाही.

पुढे ती थोर साध्वी म्हणून गाजली. पोपने रोमला परतावे म्हणून तिने पत्रे लिहिली. पण अन्न घशाखाली उतरेना. नावे ठेवणाऱ्या एकास तिने कळवले, की मी खाण्याचा यत्न करते, इतरांसारखे जेवता यावे म्हणून देवाला विनवते. २९ एप्रिल १३८० रोजी ती रोममध्ये वारली. वय अवघे तेहेतीस.

१८७३ साली लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी ‘ॲनोरेक्सिया नर्व्होझा’ या दुखण्याला नाव दिले. १९८५ साली इतिहासकार रुडॉल्फ बेल यांनी कातेरिनाच्या उपासाची सांगड त्याच्याशी घातली. तर १९८७ साली कॅरोलिन बायनम यांनी अशा उपासाचा अर्थ त्या काळच्या श्रद्धेतच शोधावा, असे प्रतिपादले. तो वाद विद्वानांवर सोपवू.

मला मात्र वाटते, की थोरलीची जागा भरण्याची घाई झालेल्या त्या घरात धाकटीला बहिणीसाठी रडायला सवड मिळाली नसावी. ताटावरून उठलेल्या मुलीला अन्नाची महती सांगण्यापूर्वी घटकाभर तिच्याजवळ बसावे, हे बरे.