मुलांना अन्नाची अ‍ॅलर्जी : निदानाआधी पथ्य नको

बंगळुरू : दूध प्यायल्यावर मुलाचे पोट दुखले किंवा अंगावर पुरळ उठले, की तो पदार्थ आहारातून कायमचा वगळण्याकडे अनेक पालकांचा कल असतो. मात्र, निदानाविना लादलेल्या पथ्यामुळे वाढत्या वयातील मुले प्रथिने, कॅल्शियम व लोह यांना मुकण्याचा धोका असतो.

केवळ रक्तचाचणीवर विसंबणे किती फसवे ठरू शकते, हे कर्नाटकातील प्रौढांच्या पाहणीतून दिसले. ‘युरोप्रिव्हॉल-इन्को’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 26.5 टक्के व्यक्तींच्या रक्तात खाद्यपदार्थांविरुद्धची आयजीई प्रतिपिंडे आढळली. प्रत्यक्ष अ‍ॅलर्जीची शक्यता मात्र 1.2 टक्के व्यक्तींमध्येच होती. याच प्रकल्पात भारतातील शालेय मुलांमध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण 0.14 टक्के नोंदवले गेले. त्यामुळे चाचणीचा अहवाल लक्षणांच्या इतिहासाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

तीन वेगळे विकार

अ‍ॅलर्जीमध्ये रोगप्रतिकार यंत्रणा पदार्थातील प्रथिनावर हल्ला करते. अल्प मात्राही घातक ठरू शकते. दुग्धशर्करा न पचणे ही असहिष्णुता होय. अशी मुले थोडे दूध किंवा दही बहुधा पचवू शकतात. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलास मात्र दही-ताकही वर्ज्य असते. सीलिअ‍ॅक विकारात गहू, जव व राय यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि पथ्य आजन्म पाळावे लागते. तपासणीपूर्वीच गहू बंद केल्यास अहवाल चुकीचा येऊ शकतो.

स्वयंपाकघरातील दक्षता

तांदूळ आणि नाचणीवर आधारलेला कर्नाटकी आहार सीलिअ‍ॅकग्रस्त मुलांना सोयीचा आहे. रागी मुद्दे, साधी इडली व डोसा ग्लूटेनमुक्त असतात. परंतु, रवा इडली गव्हाची असते. बाजारातील खड्या नसलेल्या हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गहू दळणाऱ्या गिरणीतच नाचणी दळल्यासही पथ्य मोडते. दूध बंद करावे लागल्यास 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असलेली नाचणी उपयुक्त ठरते. तथापि, केवळ तिच्यावर विसंबू नये.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार वेष्टनावर दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लूटेनयुक्त धान्ये आदींचा उल्लेख बंधनकारक आहे. ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण प्रतिकिलो 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

कर्नाटकात 2013 पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेतून शाळांमध्ये दूध दिले जाते. त्यामुळे मुलाच्या पथ्याची लेखी माहिती शाळेला देणे हिताचे ठरते. खाल्ल्यानंतर ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे ही आणीबाणीची लक्षणे असून, अशा वेळी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. एरवी, पदार्थ वगळण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि वगळलेल्या प्रत्येक घटकाला पर्याय द्यावा.