फलाधारित शेतीमोबदला (गोड्या पाण्यातील मोतीशिंपला, आयर्लंड)

शेतकऱ्याने कोणती कामे केली हे न पाहता त्याच्या जमिनीवर निसर्ग कोणत्या स्थितीत आहे हे तपासून, मिळालेल्या गुणांच्या प्रमाणात पैसे देण्याची पद्धत. आयर्लंडमध्ये बरन या चुनखडीच्या प्रदेशात २०१० पासून गवताळ जमिनीला दहापैकी गुण देऊन ती रुजली. नदीतल्या जीवासाठी तिचा मोठा वापर झाला तो २०१८ ते २०२३ या काळात, देशाच्या पश्चिमेकडील आठ पाणलोट क्षेत्रांतल्या मोतीशिंपला प्रकल्पात. हा शिंपला शंभराहून अधिक वर्षे जगतो. त्याच्या अळ्या सामन किंवा ट्राउट माशांच्या कल्ल्यांना चिकटून हिवाळा काढतात, मग गळून पडतात आणि पिल्ले सुमारे पाच वर्षे नदीतळाच्या खडीत गाडलेली राहतात. चर खणलेल्या पीट-जमिनीतून (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीतून) किंवा गुरांनी तुडवलेल्या काठावरून आलेला गाळ खडीच्या फटीत बसला की प्राणवायू तुटतो व पिल्ले गुदमरतात. म्हणून कित्येक नद्यांत म्हातारे शिंपले दिसतात, पण त्यांच्यामागे नवी पिढी नाही.

मग शिंपले मोजूनच पैसे का देऊ नयेत? कारण त्यांची संख्या सुधारायला दशके लागतात, आणि एका शेतकऱ्याचा वाटा नदीच्या तळाशी वेगळा काढता येत नाही. म्हणून फळ मोजले जाते ते उगमाकडच्या जमिनीवर. पीटवर पाणी धरून ठेवणारे शेवाळ आहे का, माती उघडी पडली आहे का, कुरणात किती प्रकारची झाडे-गवते आहेत, यावरून प्रत्येक तुकड्याला गुण मिळत. चर आणि ओढ्यांच्या स्थितीनुसार रक्कम वाढे किंवा घटे. शेवाळाने भरलेली ओली पीट पावसाचे पाणी सावकाश सोडते, त्यामुळे गाळ अडतो आणि उन्हाळ्यातही प्रवाह टिकतो. चर बुजवायचा की चराई कमी करायची, हे शेतकऱ्याने ठरवायचे. डोंगराची ओळख त्याला अधिक असते.

प्रदूषण न करण्याचे पैसे कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो आणि मलमूत्र किंवा खत सरळ ओढ्यात सोडणाऱ्यापुरता तो खराच आहे. तिथे कायदाच हवा. पण इथल्या डोंगरांची हानी मुख्यतः बेकायदा कृत्यांनी झालेली नाही. एकेकाळी अनुदान मेंढ्यांच्या डोईमागे मिळत होते. कळप वाढले, उतार उघडे पडले. म्हणजे सरकारी पैसा तेव्हाही फळालाच मिळत होता, फक्त ते फळ मेंढ्यांची संख्या हे होते. हवे असलेले फळ बदलले तर मोबदलाही बदलणे न्यायाचे आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: जमिनीचे गुण वाढले तरी शेजारच्या लागवडीच्या जंगलातला गाळ नदी बिघडवू शकतो. याला शेतीमोबदल्यापाशी उत्तर नाही. ती मोजणी आणि ती जबाबदारी वनव्यवसायावर वेगळी टाकावी लागेल. मात्र शेतकऱ्याच्या हाती असलेल्या गोष्टीचे मोल त्यामुळे घटत नाही. २०२३ पासून ही गुणपद्धत आयर्लंडच्या ‘एकर्स’ या राष्ट्रीय योजनेत आली. तिचा करार पाच वर्षांचा असतो. आज खडीत पडलेले पिल्लू वर यायलाच तेवढी वर्षे लागतात, त्यामुळे एकामागोमाग एक करार विनाखंड चालू ठेवणे ही या पद्धतीची पहिली गरज आहे.