आसाचे अभ्यंग

शाळेत इतिहासाबरोबर भूगोलाचाही तास माझ्याकडे असे. सोयगावापासून समुद्र किती लांब, हे मी मुलांना नकाशावर बोटे ठेवून दाखवीत असे. एक बोट अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशी, दुसरे सह्याद्रीच्या पलीकडे, आणि मधला सारा मुलूख मोजायचा. एखाद्या दिवाळीत आमच्याच ओट्यावर होडीचे यंत्र येऊन पडेल, असे त्या वेळी कुणी म्हटले असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

गेल्या दिवाळीत मात्र तसे झाले खरे. माझा भाचा मालवणकडे नोकरीला असतो. वसुबारसेच्या संध्याकाळी तो आला, तो गोणपाटात गुंडाळलेले एक धूड खांद्यावर घेऊनच. सोडून पाहतो तो वर सायकलीसारखी दोन पायडले, मध्ये हातभर उंचीची उभी नळी आणि खाली दोन पात्यांचा पंखा.

"मामा, जरा बघता का? फिरवताना जड जातं, आणि आतून करकरतं."

"अरे, मी आयुष्यभर सायकल पुसली, होडी नाही," मी म्हणालो.

"ही सायकलच आहे, फक्त पाण्यातली."

त्याने कुणाकडून तरी जुनी कयाक विकत घेतली होती. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवायचे आणि पाणी आत झिरपू नये म्हणून त्या कातड्याला चरबी चोळायची, ही त्यांची रीत. म्हणजे या होडीला तेलपाण्याची सवय जन्मापासूनचीच म्हणायची. ती हाताच्या वल्ह्याने चाले. पुढे माणसाला वाटले की हातापेक्षा पायात बळ अधिक, मग पाय का बसवून ठेवावेत? 1997 साली अमेरिकेतील होबी कंपनीने पायाने चालणारी कयाक बाजारात आणली. तिच्याखाली पेंग्विनच्या पंखांसारखे दोन पंख हलतात. इतरांनी पंख्याची यंत्रे केली. आमच्या ओट्यावरचे यंत्र या दुसऱ्या जातीचे होते. पायाचा फेरा संथ असतो. दातेरी चाकांच्या जोडीने त्याची गती वाढते, दिशा काटकोनात वळते, नळीतल्या दांड्यातून ती खाली उतरते, तिथे आणखी एकदा वळते आणि पंखा फिरू लागतो. कागदावर सारे सोपे आहे. पण जिथे जिथे धातूवर धातू फिरतो तिथे तिथे वंगण हवे, आणि इथे तर भोवती खारे पाणी.

धनत्रयोदशीच्या सकाळी आम्ही ते उघडले. प्रत्येक भाग काढला की जुन्या चादरीवर ओळीने मांडायचा, म्हणजे बसवताना उलटीकडून उचलत जाता येते. ही युक्ती मला सायकलीने शिकवलेली. झाकण निघाले आणि आत दिसले ते वंगण नव्हते, ताकासारखा पांढरट लगदा होता. वंगण असे पांढरे पडले की समजावे, पाणी शिरले. त्यात बारीक वाळू होती. एका बेअरिंगच्या गोळ्या गंजून खरवडल्या होत्या.

"शेवटचं कधी उघडलं होतंस?" मी विचारले.

भाचा मान खाली घालून म्हणाला, "उघडायचं असतं हे कुणाला माहीत?"

त्या उत्तरावर मला हसू यायला हवे होते. आले नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

इतिहासाचा मास्तर म्हणून मी मुलांना चाकाची गोष्ट अनेकदा सांगितली. चाक आले, रथ आले, व्यापार वाढला, राज्ये झाली. पण ते चाक फिरते ठेवणाऱ्या हाताबद्दल मी कधी एक ओळ सांगितली नाही, आणि परीक्षेत कुणी विचारलीही नाही. खरे पाहता तो हात फार जुना आहे. इजिप्तमध्ये जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे 3900 वर्षांपूर्वीचे एक चित्र आहे. घसरगाडीवर प्रचंड पुतळा ठेवलेला, ती ओढणारी माणसे रांगांनी लागलेली, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून एक माणूस गाडीपुढे घड्यातून काहीतरी ओततो आहे. बरेच दिवस लोकांना वाटे, हा एखादा धार्मिक विधी असावा. 2014 साली ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी वाळूवर प्रयोग केले, तेव्हा दिसले की वाळू बेताची ओली केली तर ओढायला लागणारे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. ओढणाऱ्या शेकडो माणसांची निम्मी मेहनत त्या घडेवाल्याने वाचवली असेल. नाव मात्र पुतळ्याच्या धन्याचेच राहिले.

आपल्याकडे हा हात घरच्या बाईचा होता. सोमयागात हविर्धान नावाच्या दोन गाड्या असत. त्या हलवण्यापूर्वी यजमानाची पत्नी त्यांच्या आसाला तूप माखी. शतपथ ब्राह्मणात हा विधी आला आहे. आस करकरणे अशुभ मानीत. देवांना काय वाटत असेल ते असो, करकरणारा आस गाडीवानालाही अशुभच.

तुपाची चैन यज्ञात. शेतकऱ्याच्या गाडीला एरंडेल. घट्ट, चिवट, ऊन लागले तरी चटकन न ओघळणारे हे तेल आपल्या देशात गाड्यांनी तर वापरलेच, पण 1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्यानंतरच्या काळात आगगाडीच्या चाकांनाही ते पाजले गेले. पुढे खनिज तेल आले आणि एरंडेल मागे पडले. विलायतेत नाजूक यंत्रांना व्हेल माशाचे तेल लागे. शिवणाच्या पायमशीनची टिकटिक ऐकताना हे कुणाच्या मनातही येणार नाही. ते राक्षसी मासे वाचले त्यात जमिनीतून निघालेल्या तेलाचाही थोडा हात आहे.

गंमत अशी की वंगण नेमके काय करते, हे माणसाला फार उशिरा कळले. 1883 साली इंग्लंडात बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर आगगाडीच्या आसावर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने वरच्या बाजूस भोक पाडले, तर आस फिरताच तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. लाकडी बूच ठोकले, तेही तेलाने बाहेर ढकलले. तेव्हा ध्यानात आले की फिरणारा आस स्वतःच तेल ओढून आपल्याखाली घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. धातू धातूला शिवतच नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये त्याचे गणित मांडले. म्हणजे नीट वंगण घातलेली बैलगाडी ही एका अर्थी होडीच होय. तिचा सारा भार तेलाच्या कागदाहून पातळ पाण्यावर तरंगत असतो.

आता माझी गोष्ट.

1965 साल असेल. मी बारा वर्षांचा होतो. आमची एक गाडी होती आणि दोन बैल. आसाला वंगण घालणे हे माझे काम. साटीखाली बांबूचे एक पेर टांगलेले असे, त्यात एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या. चाकाची खीळ काढायची, चाक थोडे बाहेर ओढायचे, आस पुसून त्यावर वंगण फासायचे, चाक परत ढकलायचे, खीळ घालायची. दोन्ही चाकांना मिळून अर्ध्या तासाचे काम. मार्गशीर्षात कापसाची गाडी पाचोऱ्याला निघायची होती. आदल्या संध्याकाळी आबांनी आठवण केली. मी हो म्हणालो आणि मास्तरांकडून आणलेला एक जुना दिवाळी अंक घेऊन माळवदावर चढलो. गोष्ट रंगात आली होती, ती संपेपर्यंत अंधार पडला. सकाळी आबांनी विचारले, "वंगण झालं?" मी म्हटले, "झालं."

अर्ध्या वाटेवर उजवे चाक ओरडू लागले. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिले. पुढे नाल्याची वाळू होती. तिथे तापलेला आस तुंब्यातल्या लोखंडी नळीत धरला गेला, चाक फिरेना, फरफटू लागले, आणि त्या हिसक्याने उजवीकडचा चांद्या गुडघ्यांवर आला. तो उठला, पण पुढच्या पायाने अधू झाला तो झालाच. उन्हाळ्यात आबांनी त्याला बाजारात नेला. त्या पोळ्याला आमच्या दारी एकच बैल सजला, आणि त्या वर्षी पेरणी दुसऱ्याच्या बैलाशी सावड करून झाली.

आबांनी मला मारले नाही. दुसऱ्या दिवसापासून वंगणाचे काम तेवढे माझ्याकडून काढून घेतले. ते पेर त्यांनी परत माझ्या हातात कधीच दिले नाही.

पुढच्या नरकचतुर्दशीला पहाटे माय माझ्या पाठीला तेल चोळीत होती. चोळता चोळता हलकेच म्हणाली, "अंगाला काय अन् आसाला काय, तेल येळेवर लागतं रे." मला वाटले, ही तिची घरगुती शहाणीव. पुढे कितीतरी वर्षांनी गावातल्या एका वैद्यांनी चरकसंहिता माझ्यापुढे उघडली, तेव्हा मी चकित झालो. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे गुण सांगताना चरकाने तीन दाखले दिले आहेत. तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण घातलेला आस. हे तिन्ही जसे बळकट आणि सोशीक होतात, तसे अभ्यंगाने शरीर होते. अभ्यंग हा शब्द ज्या 'अंज्' धातूपासून, म्हणजे माखण्यापासून आला, त्याच धातूपासून डोळ्यातले अंजन आले आणि आसाच्या वंगणासाठी चरकाने वापरलेला 'उपांग' हा शब्दही आला. म्हणजे दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून आपल्याला जे घातले जाते, ते भाषेच्या नात्याने वंगणच.

वैद्यांनी आणखी एक जागा दाखवली. विमानस्थानात अग्निवेश गुरूला विचारतो की काही माणसे वेळेआधी का मरतात. उत्तराला पुन्हा गाडीचा आस येतो. चांगला आस झिजत झिजत आपल्या काळाने संपतो, तो काळमृत्यू. पण अति भार, खाचखळग्यांची वाट, बैलाचा वा हाकणाऱ्याचा दोष, खीळ निघणे, वंगण नसणे, यांनी तो मध्येच मोडतो, तो अकाळमृत्यू. मी पुस्तक मिटले. माझ्या डोळ्यांपुढे वाळूत गुडघे टेकलेला चांद्या उभा राहिला होता.

म्हणून भाच्याच्या उत्तराला मला हसू आले नाही. हा मुलगा खाडीत एकटा जातो. ओहोटीला पाणी समुद्राकडे ओढते. अशा वेळी पायाखालचे यंत्र धरले गेले तर?

आम्ही दोन दिवस खपलो. जुना लगदा चिंध्यांनी पुसून काढला. दातेरी चाके रॉकेलने धुऊन वाळवली. रबरी कड्या मात्र रॉकेलपासून दूर ठेवल्या, कारण त्याने रबर फुगते. पाणी अडवतात त्या याच कड्या. एक चिरली होती, ती बदलली. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो कागदावर उतरवून भाचा जळगावला गेला आणि तेच बेअरिंग घेऊन आला. होडीचे म्हणून ते काही निराळे नव्हते. वंगण पाण्याला दाद न देणारे घेतले. वंगण म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. जाळी चिवट असेल तर पाणी तेलाला हुसकावू शकत नाही. बेअरिंगमध्ये ते ठासून भरू नये, मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मी जागा पुरे. जास्त भरले की घुसळून तापते. आणि स्वयंपाकघरातले तेल कशालाच घालू नये, मग ते शिवणाचे मशीन असो की सायकल. गोडेतेल हवेने चिकट होऊन गोंद बनते, खोबरेल थंडीत थिजते.

भाच्याला मी वहीत चार ओळी लिहून दिल्या. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दरवेळी गोड्या पाण्याने धुवावे. सावलीत सुकवावे. हंगामातून एकदा तरी उघडून वंगणाचा रंग पाहावा. आणि यंत्र कितीही चांगले असले तरी होडीत हाताचे वल्हे ठेवल्याशिवाय किनारा सोडू नये.

सोयगावच्या मास्तराने समुद्राबद्दल उपदेश करावा, हे वाचकांना विचित्र वाटेल. पण आमच्या तालुक्यातही एक जहाज आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाच्या कथेतले गलबत रंगवले आहे. तीन डोलकाठ्या, आणि त्यावर ओळीने मांडलेले रांजण. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. समुद्रापासून इतक्या लांब, दीड हजार वर्षांपूर्वी, कुणीतरी डोंगराच्या पोटात दिव्याच्या उजेडात ते जहाज काढले. त्या दिव्यातही कुणीतरी वेळेवर तेल घातले असेलच. त्याचे नाव तरी कुठे राहिले?

नरकचतुर्दशीच्या पहाटे यंत्र जुळून तयार झाले. भाच्याने ओट्यावर बसून पायडल फिरवले. पंखा आवाज न करता गरगरू लागला. तो लहान पोरासारखा हसला आणि उरलेल्या वंगणाचा डबा माझ्या हातात देत म्हणाला, "मामा, हा तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या दिवाळीत परत आणतो."

साठ वर्षांनी कुणी तरी वंगणाचे काम माझ्यावर सोपवले होते. मी डबा कोनाड्यात ठेवला आणि त्याला म्हटले, "ये, पाटावर बस. आता तुझी पाळी."