वॉर्डातलं कोणतं काम आधी? नगरसेवक आणि रहिवाशांनी मिळून ठरवायची रीत

पावसाळा तोंडावर आला की प्रत्येक गल्लीची मागणी वेगळी. एकीकडे गटार तुंबलेलं, दुसरीकडे पथदीप बंद, तिसरीकडे रस्ता उखडलेला. निधी मात्र सगळ्यांना पुरेल एवढा कधीच नसतो. मग आधी कुणाचं काम? बऱ्याचदा ज्यांचा नगरसेवकाच्या घरी जास्त राबता, त्यांचं काम पुढे सरकतं आणि टोकाची वस्ती मागे राहते. हे टाळायचं तर कामांची यादी सगळ्यांसमोर ठरली पाहिजे. त्यासाठी कायद्यात जागा आहे.

कायदा काय सांगतो?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम २४३ एस नुसार तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या असणं बंधनकारक आहे. मात्र एका समितीत अनेक वॉर्ड घेण्याची मुभाही त्याच कलमात आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत प्रभाग समितीखाली बराच मोठा भाग येतो आणि गल्लीतला माणूस लांबच राहतो.

कर्नाटकच्या महापालिका कायद्यात प्रत्येक वॉर्डासाठी वेगळ्या समितीची तरतूद आहे. नगरसेवक अध्यक्ष आणि महापालिकेने नेमलेले दहा सदस्य, अशी तिची रचना. त्यात किमान तीन महिला, अनुसूचित जाती-जमातींचे किमान दोन आणि रहिवासी संघटनांचे दोन प्रतिनिधी असावेत, असं कायदा म्हणतो.

बेळगाव महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. म्हणजे वॉर्डामागे सरासरी साडेआठ हजारांच्या आतच माणसं. एवढी वस्ती दोन-तीन सकाळींत पायी फिरून बघता येते. निपाणी, खानापूरसारख्या लहान शहरांना घटनेतली ही सक्ती लागू नाही. पण नगरसेवकाने रहिवाशांची बैठक बोलवायला कुणाची आडकाठीही नाही.

पुण्याचा अनुभव

पुणे महापालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग ही पद्धत सुरू केली. रहिवाशांनी अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात काम सुचवायचं. एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा. पदपथ, बाकडी, बसथांबा, दिवे अशी छोटी कामं या चौकटीत बसतात. मोठी जलवाहिनी किंवा उड्डाणपूल बसत नाही. वॉर्डाच्या यादीतही हाच भेद ठेवला तर बरं. गल्लीत उरकणारी कामं एका कागदावर, वरून मंजुरी लागणारी दुसऱ्या कागदावर.

क्रम कसा लावायचा?

आधी वॉर्ड फेरी. नगरसेवक, मनपाचा अभियंता, गल्लीतली पंच मंडळी, युवक मंडळ आणि महिला मंडळ एकत्र फिरले की निम्मे वाद जागेवरच मिटतात. बायकांना आवर्जून बोलवावं. कुठल्या बोळात रात्री अंधार असतो आणि नळाला पाणी किती वाजता येतं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

मग प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारायचे. जिवाला धोका आहे का? किती घरांना उपयोग होईल? काम मनपाच्या हातातलं आहे का? वीजवाहिनी लोंबकळत असेल तर ती हेस्कॉमची जबाबदारी. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतला रस्ता असेल तर तिथला बोर्ड. अशी कामं यादीतून काढायची नाहीत, पण पत्र योग्य कार्यालयाला द्यायचं.

कामांचा आपसातला क्रमही बघावा लागतो. जलवाहिनी आणि ड्रेनेज आधी, काँक्रीट किंवा पेव्हर्स नंतर. नाहीतर नवा रस्ता सहा महिन्यांत पुन्हा फोडला जातो आणि पैसे पाण्यात जातात.

वेळ चुकली की वर्ष गेलं

महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. अंदाजपत्रकाची तयारी त्याआधी काही महिने चालते. म्हणून यादी साधारण दिवाळीच्या आसपास हातात असावी. मार्चमध्ये मोर्चा काढून उपयोग थोडाच.

मराठीतून अर्ज चालतो का?

सीमाभागात हा प्रश्न नेहमी निघतो. घटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे बेळगावात मराठीतून आणि इंदूर, बडोदा, हैदराबादेतही मराठीतूनच अर्ज देता येतो. सोबत स्थानिक राज्यभाषेतली प्रत जोडली तर कारकुनाला सबब उरत नाही. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्यावी.

यादी ठरल्यावर

बैठकीचं इतिवृत्त लिहून सगळ्यांना दाखवावं. ज्या गल्लीचं काम मागे राहिलं, तिला कारण सांगावं. कारण कळलं की माणूस पुढच्या वर्षापर्यंत थांबतो. न कळता डावललं तर पुढच्या बैठकीला तो येतच नाही. मंजूर कामाची रक्कम आणि मुदत गल्लीच्या फलकावर लावावी. माहिती मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

नगरसेवकाचाही यात फायदाच आहे. ‘आमचंच का नाही?’ असं कुणी विचारलं, तर दाखवायला सगळ्यांच्या सह्यांची यादी हाताशी असते.