कोयनेच्या भूकंपाच्या दोन तारखा

कोयनेचा मोठा भूकंप कोणत्या दिवशीं झाला, असें साताऱ्याकडील एखाद्या वृद्ध गृहस्थास विचारावें. तो ११ डिसेंबर १९६७ असेंच सांगेल. पहांटेचे चार वाजून एकवीस मिनिटें झालीं होतीं; कोयनानगर झोपेंत होतें; दोनशेंच्या आसपास माणसें मृत्युमुखीं पडलीं. परंतु जागतिक भूकंपसूचींत हाच भूकंप १० डिसेंबरच्या रात्रीं दहा वाजून एक्कावन्न मिनिटांनीं झालेला दिसतो. दोन्ही नोंदी खऱ्या. सूचीकारांनीं ग्रीनिचचा काळ धरला, आपण भारताचा. पण कोणता काळ, हें शेजारीं लिहिलें नसेल, तर पुढील पिढीचा एखादा अभ्यासक दोन भूकंप झाले असें समजावयाचा!

आंकडा कोणीं, कोठें, कोणत्या यंत्रानें घेतला, या माहितीस शास्त्रज्ञ हल्लीं ‘मेटाडेटा’ म्हणतात. नांव परकें, वस्तु ओळखीची. पेशवे दप्तरांतील कित्येक पत्रांवर तिथि व महिना आहे, वर्ष नाहीं. तें ठरवितांना आमच्या संशोधकांनीं केवढे श्रम घेतले, हें श्रोत्यांस ठाऊक आहेच.

कोयनेच्या बाबतींत मात्र प्रश्न माणसांच्या जिवाचा होता. १९६२ च्या सुमारास शिवसागरांत पाणी सांठूं लागलें आणि लवकरच धक्के जाणवूं लागले. मग हे धक्के पाण्यानें आणले कीं पूर्वीहि होत होते? पूर्वींची नोंद नाहीं, एवढ्यावरून जमीन शांत होती असें म्हणतां येत नाहीं. कारण तेव्हां जवळचें यंत्र पुण्यास, शंभर किलोमीटरांहून दूर. बारीक धक्के तेथें उमटावे कसे? म्हणून कोणतें यंत्र कोठें व केव्हां बसविलें, ही नोंद धक्क्यांच्या नोंदीइतकीच मोलाची. पुढें जलाशयाच्या पातळीची वही आणि धक्क्यांची वही एकाच कालगणनेवर आणून ताडतां आली. १९८५ पासून सांगली जिल्ह्यांत चांदोलीस वारणेचें पाणी अडलें, आणि १९९३ पासून दक्षिणेकडे धक्के वाढले. जलाशयानें चाळविलेल्या भूकंपांचें ठळक उदाहरण म्हणून जग आज कोयनेकडे पाहतें, तें या मेळामुळें.

आणखी एक गोष्ट. त्या पहांटे धरणांतील यंत्रानें गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदविलें. धरणें बांधणारे स्थापत्यविशारद तो आलेख देशोदेशीं वापरतात. पण यंत्र मोकळ्या जमिनीवर नव्हतें, तें धरणाच्या पोटांतील बोगद्यांत होतें, आणि हा आंकडा धरणाच्या लांबीच्या दिशेचा आहे. एवढें वाक्य गळलें, तर धरणाचें थरथरणें कोणीहि जमिनीचें मानील.

अलीकडे या परिसरांत खोल वेध घेऊन खडकाचे दंडगोल बाहेर काढले गेले. या संशोधनासाठीं कऱ्हाडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. अशा प्रत्येक तुकड्याबरोबर वेध कोणता, खोली किती आणि वरचें टोंक कोणतें, हें लिहून ठेवावेंच लागतें. काळा पत्थर, श्रोतेहो, दोन्ही टोंकांनीं सारखाच दिसतो.