हृदयाच्या पडद्यातील छिद्र: फ्लोरिडाच्या पँथरपासून आपल्या घरापर्यंत

'बाळाच्या हृदयाला छिद्र आहे' असे सांगितले की आई-वडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा उपचारांचा नसतो. 'आमचं काय चुकलं?' असा असतो. घरातले कोणी ग्रहणात भाजी चिरल्याची आठवण काढते, कोणी गरोदरपणात खाल्लेल्या पपईची. याचे उत्तर समजून घ्यायला अमेरिकेतील एका जंगली मार्जाराची हकिकत उपयोगी पडते. कारण हाच आजार त्या प्राण्यांतही दिसला, आणि तिथे ग्रहणही नव्हते, पपईही नव्हती.

हा आजार म्हणजे नेमके काय?

हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात. उजव्या आणि डाव्या अलिंदामध्ये एक पडदा असतो. बाळ पोटात असताना या पडद्यात एक वाट उघडी असते आणि ती असावीच लागते, कारण तेव्हा बाळाची फुप्फुसे काम करत नसतात. जन्मानंतर ही वाट बहुतेकांमध्ये आपोआप मिटते. काही बाळांमध्ये मात्र पडदाच अपुरा तयार झालेला असतो आणि छिद्र राहते. याला एट्रियल सेप्टल डिफेक्ट किंवा थोडक्यात एएसडी म्हणतात.

छिद्रातून डाव्या बाजूचे शुद्ध रक्त उजव्या बाजूला जाते आणि पुन्हा फुप्फुसांकडे ढकलले जाते. म्हणजे हृदयाची उजवी बाजू तेच रक्त दोनदा वाहते. छिद्र मोठे असेल, तर या जादा कामाने उजवे कप्पे वर्षानुवर्षे ताणले जातात.

फ्लोरिडाच्या पँथरमध्ये काय झाले?

फ्लोरिडाचा पँथर म्हणजे आपला बिबट्या नाही. तो प्यूमा जातीचा, अंगावर ठिपके नसलेला तपकिरी प्राणी आहे. एकेकाळी तो अमेरिकेच्या आग्नेय भागात दूरवर पसरलेला होता. शिकार आणि जंगलतोड यांमुळे तो फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या दलदलीत आणि जंगलात कोंडला गेला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जेमतेम २० ते ३० पँथर उरले होते. बाहेरून नवा जोडीदार येण्याची वाट बंद झाल्यामुळे जवळच्या नात्यातच पिल्ले होऊ लागली.

रेडिओ कॉलर बसवण्यासाठी पकडलेल्या प्राण्यांना तपासताना पशुवैद्यांना हृदयात मर्मर, म्हणजे स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा जादा आवाज, आढळू लागला. काही प्राण्यांत अलिंदांमधील पडद्याला छिद्र असल्याचे दिसले. सोबत शेपटीच्या टोकाला वाक, नरांमध्ये वृषण खाली न उतरणे, शुक्राणूंत दोष अशी इतर लक्षणेही होती.

१९९५ मध्ये टेक्सासमधून प्यूमाच्या ८ माद्या आणून तिथे सोडल्या. त्यांपैकी ५ माद्यांना पिल्ले झाली. या मिश्र वंशातल्या पिढ्यांमध्ये हृदयातील छिद्र आणि इतर दोषांचे प्रमाण स्पष्टपणे घटले. पँथरची संख्याही वाढली. आज प्रौढ प्राण्यांचा अंदाज १२० ते २३० असा दिला जातो.

नात्यात दोष का वाढतात?

आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असली, तरी अनेकदा दुसरी काम भागवते, म्हणून असा दोष पिढ्यानपिढ्या कोणाला कळतही नाही. पण आई-वडील जवळच्या नात्यातले असतील, तर आजोबा-आजीकडून आलेली तीच सदोष प्रत दोघांकडेही असू शकते. दोघांकडूनही ती बाळाला मिळाली की दोष उघड होतो.

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. काही ठिकाणी मामा-भाचीचेही लग्न होते, आणि ते नाते जनुकांच्या दृष्टीने आणखी जवळचे असते. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की, नात्यात लग्न नसलेल्या जोडप्यांमध्ये जन्मजात दोषाचे प्रमाण शंभरात सुमारे ३ होते, तर सख्ख्या चुलत, मामे, आतेभावंडांच्या लग्नात ते सुमारे ६ होते. म्हणजे धोका दुप्पट होतो, पण शंभरातली सुमारे ९४ बाळे अशा दोषाविना जन्मतात. नात्यात लग्न झाले असेल, तर घाबरण्याऐवजी गरोदरपणापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे आणि जनुकीय समुपदेशन घ्यावे.

हेही लक्षात ठेवा की एएसडी असलेल्या बहुतेक मुलांचे आई-वडील नात्यातले नसतात आणि नेमके कारण सापडत नाही. बाळाचे हृदय गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांत घडते. अनेक स्त्रियांना तेव्हा दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. ग्रहण, विळी किंवा पपई यांचा हृदयातील छिद्राशी संबंध नाही. त्यावरून सुनेला बोल लावणे थांबवा.

लक्षणे कोणती?

लहानपणी अनेकदा काहीच लक्षण नसते. मूल खेळते, शाळेत जाते आणि तपासणीत मर्मर ऐकू येतो. छिद्र मोठे असेल तर पुढील गोष्टी दिसू शकतात:

- वारंवार छातीचा संसर्ग, खोकला
- वजन नीट न वाढणे
- खेळताना लवकर दम लागणे
- मोठेपणी धाप, धडधड, पायांवर सूज

काही जणांना तर तिशी-चाळिशीत किंवा गरोदरपणातच पहिल्यांदा कळते. छिद्र मोठे असूनही दुर्लक्ष झाले, तर काही रुग्णांत फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधील दाब कायमचा वाढतो. त्या टप्प्यावर छिद्र बंद करणे धोक्याचे ठरते. म्हणून त्रास नसला तरी सांगितलेली तपासणी टाळू नये.

निदान आणि उपचार

मुख्य तपासणी म्हणजे टूडी इको. ती सोनोग्राफीसारखीच असते, सुई किंवा वेदना नसते. सोबत ईसीजी आणि छातीचा एक्स-रे काढतात.

छिद्र ५ मिलीमीटरपेक्षा लहान असेल, तर ते पहिल्या काही वर्षांत आपोआप बंद होण्याची शक्यता चांगली असते. अशा वेळी ठरावीक काळाने इको करून वाट पाहतात. छिद्र मोठे असेल आणि उजवे कप्पे वाढले असतील, तर ते बंद करावे लागते. पडद्याच्या मध्यभागी असलेले बरेचसे छिद्र जांघेतील शिरेतून नळी घालून, छत्रीसारखे उपकरण बसवून बंद करता येते. छातीवर टाका पडत नाही. जागा किंवा आकार योग्य नसेल, तर शस्त्रक्रिया लागते. वेळेवर उपचार झालेली बहुतेक मुले पुढे सर्वसाधारण आयुष्य जगतात. छिद्र बुजवणारे औषध, काढा किंवा मात्रा नाही. गोळ्या देतात त्या लक्षणांसाठी.

खर्चाची चिंता असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणीला येणारे पथक याच कार्यक्रमाचे असते आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात हृदयविकाराच्या उपचारांची सोय त्यातून होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे.

पुढच्या बाळाचे काय?

एका मुलाला जन्मजात हृदयविकार असेल, तर पुढच्या बाळाला धोका थोडा वाढतो. तरी बहुतेक वेळा ते निरोगी असते. गरोदरपणापूर्वी फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, रुबेलाची लस झाली आहे का ते पाहा. १८ ते २२ आठवड्यांदरम्यान बाळाच्या हृदयाचा इको करून घ्या. मात्र पोटात ती वाट उघडीच असल्याने एएसडी बऱ्याचदा या तपासणीत कळत नाही. म्हणून जन्मानंतरही बालरोगतज्ज्ञांकडून हृदय तपासून घ्या.

ताबडतोब दवाखाना कधी गाठावा?

बाळाचे ओठ किंवा जीभ निळी पडणे, दूध पिताना धाप लागून घाम येणे, मूल अचानक बेशुद्ध पडणे, मोठ्या माणसाला एकाएकी हातापायातली शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर थांबू नका. जुने रिपोर्ट सापडले तर सोबत घ्या, नाहीतर तसेच निघा.