कोळशातली मोकळी जागा

जुलै २००५ च्या पुरानंतरचे महाड माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले होते. तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी माणसे नेली होती. चारी बाजूंना पाणी, पण प्यायला घोटभर नाही. विहिरीच्या पाण्याला कुजका वास येत होता. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. मडक्यांचा फिल्टर मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढला होता. त्या आठवड्यात तो पहिल्यांदा घरात मांडला. वरच्या मडक्यात कोळसा, मधल्यात वाळू, खालच्यात गाळलेले पाणी. वास गेला, रंगही उतरला. तरी पाणी उकळूनच प्यायलो, कारण कोळसा जंतू मारत नाही.

कोळसा दिला होता एका कातकरी बाईने. पोलादपूरकडच्या डोंगरात तिच्या माणसांनी भट्ट्या लावलेल्या. लाकडाचे तुकडे रचायचे, वर पाला आणि माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा आणि बारीक भोकांतून वारा मोजून द्यायचा. रात्रंदिवस राखण. ती म्हणाली, "गुरुजी, वारा जास्त झाला तर राख, बेताचा राहिला तर कोळसा." रसायनशास्त्र याहून वेगळे काय सांगते? हवा नसेल तर लाकडातले पाणी, धूर, डांबर निघून जाते. कार्बनचा सांगाडा आणि त्यातली मोकळी जागा मागे राहते. वास आणि रंग या मोकळ्या जागेच्या भिंतींना चिकटतात. हाच कोळसा वाफेत पुन्हा तापवला की भोके वाढतात. अशा एका ग्रॅमच्या आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरू शकते, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे!

ही मोकळी जागा हवी तशी घडवता येईल का? या प्रश्नाची वाट १९३१ मध्ये कॅलिफोर्नियात सॅम्युएल किस्लर यांनी उघडली. आपला खरवस उन्हात ठेवला तर आक्रसतो, कारण आटणारे पाणी जाताना भिंतींना आत ओढते. जेलीचेही तसेच. किस्लर यांनी जेलीतल्या पाण्याच्या जागी अल्कोहोल भरले आणि दाबाखाली ते इतके तापवले की द्रव आणि वायू हा भेदच उरला नाही. मग तो वायू हळूच सोडून दिला. जाळी जशीच्या तशी राहिली, आत फक्त हवा. हाच एरोजेल. त्यांनी तो वाळूतल्या सिलिकापासून केला, तसाच जिलेटिन आणि अंड्याच्या पांढऱ्यापासूनही केला.

पुढे नाव झाले ते सिलिकाचे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. ए. व्यंकटेश्वर राव यांच्या प्रयोगशाळेने त्यावर मोठे काम केले. पण सिलिका म्हणजे ऑक्साइड, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जोडी. ऑक्साइड नसलेल्या एरोजेलची वाट पुन्हा कोळशाकडे वळली. १९८९ मध्ये अमेरिकेत रिचर्ड पेकाला यांनी रिसॉर्सिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांची जेली करून ती वाळवली. असा एरोजेल हवा न लागू देता हजार अंशांच्या आसपास भाजला की शुद्ध कार्बनचा एरोजेल मिळतो. युक्ती भट्टीवालीचीच, मातीच्या लिंपणाच्या जागी नायट्रोजन.

साध्या कोळशाला नीट न जमणारे एक काम मात्र राहिले होते. पाण्यात विरघळलेला पारा घट्ट धरायला गंधकासारखा जोडीदार चांगला. पारा त्याला घट्ट बिलगतो. २००५ मध्ये डेट्रॉइटच्या स्टेफनी ब्रॉक यांच्या गटाने कॅडमियम आणि गंधक यांच्या कणांपासून एरोजेल केले. २००७ मध्ये संतनू बाग, मर्कुरी कनात्झिदिस आणि सहकाऱ्यांनी जर्मेनियम, गंधक आणि प्लॅटिनम यांचे एरोजेल केले. त्याने पाण्यातला पारा निवडून उचलला, जस्त बहुतेक तसेच सोडले. कारखान्यांच्या सांडपाण्याची काळजी वाहणाऱ्या आमच्या महाडसारख्या गावाला ही बातमी जवळची वाटते. पण त्यात प्लॅटिनम आहे. ते आपल्या मडक्यात कधी पडणार?

तोवर मडक्यात कोळसाच आहे, आणि तो पाडणाऱ्यांची कथा मला बोचते. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे उचल घेऊन घाटावर, कर्नाटकात भट्ट्यांवर जातात. पोरेही जातात, आमच्या हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे महिनोन्महिने गैरहजेरी लागे. धूर छातीत आणि हिशेब मुकादमाच्या वहीत. जुलै २०२१ मध्ये महाड पुन्हा बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली. मी पुन्हा मडकी मांडली. कोळसा घ्यायला गेलो तर त्या बाईच्या वाडीत कळले की ती आता थकली आहे, भट्टीवर सून जाते. नातू कितवीत आहे, असे मी विचारले. कुणी उत्तर दिले नाही.